वरणाचं पाणी म्हणजे पाणीच

"बाळाला वरचं काय सुरू केलं?" असं विचारलं की पाथरी असो, व्याहाड असो, निफंद्रा असो की वैनगंगेपलीकडचं गडचिरोली, उत्तरं ठरलेली असतात. वरणाचं पाणी. भाताची पेज. घरात मोबाईलवर व्हिडिओ पाहणारं कुणी असेल तर सफरचंदाची प्युरी. हातात पैसा असेल तर डब्यातलं तयार पीठ. आणि घाई असेल तर चहात बुडवलेलं बिस्किट. या पाचही उत्तरांशी माझं भांडण आहे. ते तपासणीच्या खोलीत दोन मिनिटांत उरकतं आणि कुणाला पटत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मी बालरोगतज्ज्ञ नाही, मोठ्यांचा डॉक्टर आहे. पण तालुक्याच्या गावात ही विभागणी फक्त पाटीवर असते, बाळंही माझ्याकडेच येतात. शिवाय सात-आठ ग्रॅम हिमोग्लोबिन घेऊन येणारी विशीतली बाई जेव्हा समोर बसते, तेव्हा तिच्या रक्ताचा हिशोब तिच्या पहिल्या वाढदिवसाच्या आधीच बिघडायला लागला होता, असं मला बऱ्याचदा वाटतं.

आधी पोटाचा हिशोब करू.

बाळाच्या पोटात एका वेळी साधारणपणे वजनाच्या किलोमागे ३० मिलिलिटर मावतं. म्हणजे सात किलोच्या बाळाचं पोट २०० मिलिलिटरच्या आसपास, एक मोठी वाटी. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाव्यतिरिक्त वरच्या अन्नातून रोज साधारण २०० कॅलरी लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. आता वरणावरचं निवळ पाणी एक लहान वाटी घ्या. त्यात उतरलेली डाळ जेमतेम चमचाभर. कॅलरी फार तर पंधरा-वीस. म्हणजे २०० कॅलरी भरायला दिवसाला दहा-बारा वाट्या वरणाचं पाणी पाजावं लागेल. ते कुणी पाजत नाही. दोन वाट्या पाजतात, बाळाचं पोट फुगतं, ते गप्प बसतं आणि घरचे म्हणतात, "पोट भरलं." पोट भरलं हे खरंच आहे, पण पाण्यानं भरलं. वर आईचं दूध प्यायला जी भूक लागायला हवी होती, तीही मेली. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

त्याच लहान वाटीत घट्ट मऊ खिचडी घ्या, तांदूळ-डाळ शिजवून चमच्यानं घोटलेली, वर एक चमचा तूप किंवा तेल. एकट्या तुपाच्या चमच्यात ४५ कॅलरी असतात. ती वाटी सव्वाशे-दीडशेपर्यंत जाते. अशा दोन वाट्या दिवसभरात थोड्या थोड्या गेल्या तरी काम झालं. भांडं तेच, चूल तीच, डाळ तीच. फरक एवढाच की एका घरी डाळ मोठ्यांच्या ताटात जाते आणि पाणी बाळाच्या वाटीत, दुसऱ्या घरी डाळ बाळाच्या वाटीत जाते.

यावर आजीबाईंचं एक वाक्य हमखास येतं. "घट्ट देलं त पचत नाही जी लेकराले." आजीबाई, तुमचा अनुभव मोठा आहे आणि बाळाला तुम्हीच सांभाळता, म्हणून तुमच्याशीच बोलतो. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाचं आतडं डाळ, भात, तेल, अंडं, मासा पचवू शकतं. नव्या अन्नानं शी बदलते, रंग बदलतो, कधी डाळीचं साल, गाजराचा तुकडा तसाच दिसतो. ते अपचन नाही. अन्न चमच्यावरून पटकन ओघळत असेल तर ते पातळ आहे. चमचा तिरपा केला तरी चिकटून राहायला हवं. एवढी एकच परीक्षा लक्षात ठेवा, बाकी माझे कॅलरीचे आकडे विसरलात तरी चालेल.

आणखी एक गोष्ट आजीबाई सांगतात, "आमच्या वेळी चौथ्या महिन्यातच सुरू करायचो." बरोबर आहे, तेव्हा डॉक्टरही चार ते सहा महिने असंच सांगायचे. २००१ पासून जागतिक सल्ला पूर्ण सहा महिन्यांचा आहे: १८० दिवस फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. नंतर मात्र उशीर नको. आपल्याकडे उष्टावण मुलाचं सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात करतात. म्हणजे मुलीचं एक तर पाचव्यात होतं, जे लवकर आहे, किंवा सातव्यात होतं, तोवर एक महिना वाया जातो. मामा येऊ द्या, सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवू द्या, फोटो काढा, माझी काहीच हरकत नाही. पण सहा महिने पूर्ण झाले की दुसऱ्या दिवसापासून वाटी सुरू करा, समारंभ सवडीनं करा. आणि समारंभानंतरचं जेवण समारंभापेक्षा जास्त मनावर घ्या. खिरीचा एक दिवस होतो आणि पुढचे चार महिने वरणाच्या पाण्यात जातात, हे मी फार पाहिलंय.

आता लोहाबद्दल. हा भाग रटाळ वाटला तरी वाचा.

बाळ पोटात असताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येतं. नऊ महिने भरून, चांगल्या वजनानं जन्मलेल्या बाळाची ती शिदोरी साधारण सहा महिने पुरते. कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्याआधीच संपते, आणि आई स्वतःच रक्तानं कमी असेल तर मुळात शिदोरीच लहान. आईचं दूध उत्तम, पण त्यात लोह फार थोडं असतं. म्हणून सहाव्या महिन्यानंतर लोह वाटीतूनच यायला हवं. पेजेत ते नाही. सफरचंदात नसल्यासारखंच. गाई-म्हशीच्या दुधात नाही. उलट वर्षाच्या आत वरचं दूध बाटली-बाटली पाजलेलं गुबगुबीत बाळ अनेकदा पांढरंफटक असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ च्या, महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ५४ टक्क्यांच्या आसपास होता. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आहार मिळणारी बाळं होती शंभरात सुमारे अकरा. दोन वर्षांपर्यंत मेंदू जितक्या वेगानं वाढतो तितका पुन्हा कधीच वाढत नाही, आणि त्याच काळात त्याला लोह कमी पडलं तर नंतर गोळ्या देऊन ते सगळं भरून निघेलच असं नाही.

मग लोह कशात? अंड्यात थोडं, मासा-मटणात चांगलं, कलेजीत भरपूर. डाळीत आणि मुनग्याच्या पाल्यातही आहे, पण वनस्पतीतलं लोह अंगी कमी लागतं, म्हणून त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळायचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांसाठी नव्यानं मार्गदर्शन दिलं, त्यात अंडी, मासे, मांस यांपैकी काहीतरी रोज द्यावं असं म्हटलं आहे. इथे मला राग येतो तो याचा: सावली तालुक्यात असोलामेंढ्याचा तलाव आहे, गावोगाव मामा तलाव आहेत, नदी आहे, अंगणात कोंबड्या आहेत. बहुतेक घरं अंडी-मासे खाणारी आहेत. तरी बाळाला अंडं द्यायला दीड-दोन वर्षं थांबतात, कारण ते "गरम" असतं. सरकारच्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांमधून सात महिन्यांपासूनच्या बाळाला अंडं देण्याची तरतूद आहे. सरकारला जे सातव्या महिन्यात चालतं ते घराला का चालत नाही? पूर्ण उकडलेलं अंडं, पिवळा आणि पांढरा दोन्ही भाग, भातात कुस्करून द्या. उशिरा दिल्यानं ॲलर्जी टळते ही समजूतही जुनी झाली. माशाचे काटे मात्र बोटांनी चाचपून काढा, चमच्याच्या भरवशावर राहू नका.

जी घरं खरोखर शाकाहारी आहेत त्यांनी डाळीचं प्रमाण वाढवावं, शेंगदाण्याचा बारीक कूट, तीळ, दही घालावं. मूग, उडीद, तूर, सोललेले पोपटाचे दाणे, सगळं चालतं. लाखोळीची डाळ मात्र बाळाच्या वाटीत नको.

शिवाय घर कोणतंही असो, आशाताई लोहाच्या सिरपची बाटली देतात. सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा, दर वेळी १ मिलिलिटर. ती बाटली बऱ्याच घरी देवळीत धूळ खात पडलेली असते, कारण शी काळी होते. होऊ द्या, त्यानं काही बिघडत नाही. एक अपवाद आपल्या भागात महत्त्वाचा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल बराच आहे आणि मलेरियाही. बाळ पांढरं पडत असेल, हातापायाला सूज येऊन रडत असेल, वारंवार ताप येत असेल, तर खाणं आणि सिरप यांच्यावरच विसंबू नका. सिकलसेलची तपासणी करा, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि बाळाला सिकलसेल असल्याचं माहीत असेल तर लोह डॉक्टरांना विचारूनच द्या.

आता प्युरीकडे येतो. घरची प्युरी हा शब्द आमच्याकडे मोबाईलमधून आला. पुण्या-मुंबईची, परदेशातली एखादी आई गाजर वाफवते, मिक्सरला लावते, बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवते. दिसायला सुंदर. बाजारच्या डब्यापेक्षा घरचं बरं, हेही मान्य. पण "घरचं" म्हटलं की चौकशी संपते, तिथे माझी तक्रार सुरू होते. फळाची पातळ प्युरी म्हणजे गोड वरणाचं पाणीच. त्यात डाळ नाही, तेल नाही, लोह नाही. दिवसातून एकदा जेवणासोबत फळ द्या, पण जेवणाऐवजी नको. आणि फळ म्हणजे सफरचंदच का? परसात पपई पिकून पडते, पेरू आहे, केळं आहे. वेलीवर लाल कोहळं आहे, त्यात अ जीवनसत्त्व भरपूर. मोहोराच्या दिवसांनंतर आंबा आहे. ते सोडून हिमाचलातून आलेलं, मेण लावलेलं महागडं फळ आणायला बाप नागपूरला जाणाऱ्या माणसाला निरोप देतो, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. आणि गोठवून ठेवायचं म्हणाल, तर आपल्याकडची वीज पावसाळ्यात कधी जाते आणि कधी येते हे तुम्हाला माहीतच आहे. अर्धवट वितळून पुन्हा गोठलेलं अन्न बाळाला देण्यापेक्षा ताजं कुस्करलेलं बरं.

मिक्सरचं दुसरं नुकसान उशिरा दिसतं. पहिले दोन-तीन आठवडे मऊ, गुळगुळीत ठीक आहे. पुढे रवाळ हवं, आठव्या महिन्यापासून बोटात धरून खाता येईल असं मऊ काही हवं, नवव्या-दहाव्यापर्यंत गोळे-तुकडे हवेत, आणि वर्षाला घरातल्या ताटातलं जेवण, तिखट वगळून. ब्रिटनमध्ये एव्हन भागातल्या हजारो मुलांवर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना दहा महिन्यांनंतर गोळ्या-तुकड्यांचं अन्न मिळालं ती मुलं नंतरही खायला जास्त त्रास देणारी निघाली. दीड वर्षाचं मूल "फक्त पातळच खातं, घास दिला की ओकतं" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या घरात मिक्सर कधीपासून कधीपर्यंत चालला ते मी आधी विचारतो. दात नसले तरी हिरड्या मऊ अन्न चिरडतात. घास तोंडात फिरवताना बाळ थोडं ओकाऱ्या काढतं, तोंड लाल करतं, मग गिळतं. याला घाबरू नका. घाबरायचं ते अख्खा शेंगदाणा, फुटाणे, अख्खं द्राक्ष यांना. ते पाच वर्षांपर्यंत नकोत, श्वासनळीत अडकतात.

डब्यातल्या पिठाबद्दल थोडक्यात. आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळाच्या अन्नाची जाहिरातच करायला बंदी आहे. टीव्हीवर जाहिरात नाही, मग हे डबे सावलीच्या औषध दुकानात कसे खपतात? डॉक्टरच्या चिठ्ठीवर. आमच्याच धंद्यातली माणसं वजन वाढत नाही म्हटलं की डब्याचं नाव लिहितात, आणि चिठ्ठीवर लिहिलं म्हणजे ते औषध, असं घरचे समजतात. एप्रिल २०२४ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेनं दाखवून दिलं, की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यामागे सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर होती, आणि खुद्द स्वित्झर्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या तशाच पिठात नव्हती. गवगवा झाल्यावर कंपनीनं साखर न घातलेले प्रकार बाजारात आणले. डबा विष नाही, त्यात लोह घातलेलं असतं हेही सांगतो. पण मजुरीच्या पैशातून आणलेला डबा आठवडाभर पुरावा म्हणून आई त्यात पाणी वाढवत जाते, आणि शेवटी वाटीत पुन्हा पाणीच उरतं. तुमच्या डॉक्टरांनी डबा लिहिला तर एवढंच विचारा: "साहेब, याच पैशात अंडी आणि डाळ आणली तर चालेल का?" उत्तर ऐकण्यासारखं असेल.

बिस्किटाच्या पुड्यामागचे बारीक अक्षरांतले आकडे वाचा. ग्लुकोज बिस्किटात साधारण चौथा भाग साखर असते, उरलेल्यात बहुतेक मैदा आणि तेल. त्यावर चहा, जो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. पाच रुपयांत बाळ गप्प बसतं, हे त्याचं एकमेव यश. साखर, गूळही दोन वर्षांपर्यंत लांबच ठेवा, मध तर वर्षाच्या आत चाटवूच नका. मिठाचीही वर्षापर्यंत वेगळी गरज नाही. कुटुंबाच्या भाजी-वरणात तिखट-मीठ घालायच्या आधी बाळाची वाटी काढून ठेवा, वेगळा स्वयंपाक लागत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, आईनंच लक्ष दिलं पाहिजे. सगळी भाषणं तिथेच येऊन थांबतात, आणि मला ते सर्वात जास्त खटकतं. जानेवारीत जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं होतं जुलैत. जुलैत धानाची रोवणी. आई सकाळी घरचं उरकून चिखलात उतरते, संध्याकाळी पाठ मोडून परत येते. बाळ आजीकडे, नाहीतर आठ वर्षांच्या बहिणीकडे. तेच दिवस हगवणीचे, तेच मलेरियाचे. वरचं अन्न सुरू करायची सर्वात नाजूक वेळ आणि आई घरात नसण्याची वेळ एकच. कार्यालयात पगारावर काम करणाऱ्या बाईला कायद्यानं २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. रोवणीच्या बाईला मातृ वंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये, तेही हप्त्यानं आणि कागदपत्रं जुळली तर. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा त्याहून जास्त लहान मुलं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची तरतूद होती. रोवणीच्या बांधावर तसंही काही नाही. मग त्या आईला "तुम्ही बाळाकडे दुर्लक्ष करता" म्हणणारा डॉक्टर असो, नर्स असो की सासू, त्यांनी आधी तिची दिवसाची वेळ लिहून पाहावी. रोवणीच्या सहा आठवड्यांत गावातच, समाजमंदिरात किंवा अंगणवाडीत, दोन बायकांना मजुरी देऊन लहान मुलांची सोय करणं ग्रामपंचायतीला परवडत नाही, हे मला पटत नाही. गावजेवणाला परवडतं.

तोवर घरात एवढं करता येतं. आई निघण्याआधी पोटभर दूध पाजते, पिळून काढलेलं दूध स्वच्छ झाकलेल्या वाटीत चार तास टिकतं, ते चमच्यानं पाजा, बाटलीनं नाही. सकाळच्या भात-वरणातून बाळाची घट्ट वाटी लगेच भरवा. सकाळचं उरलेलं दुपारी नको, दुपारी मूठभर तांदूळ आणि अर्धी मूठ डाळ नव्यानं शिजवा, नाहीतर अंडं उकडा. भरवण्याआधी साबणानं हात धुवा, बाळाचेही. संध्याकाळी आई आली की पुन्हा दूध आणि तिसरी वाटी. अंगणवाडीच्या पाकिटातलं पीठ कोंबड्यांना टाकण्याआधी एकदा तूप घालून घट्ट शिजवून पाहा.

जुलाब लागले तर खाणं बंद करायचं नाही. ओआरएस, चौदा दिवस झिंक, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, आणि आईचं दूध चालूच. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक वाटी जास्त. बाळ दूधच ओढत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, सुस्त पडून राहत असेल, डोळे खोल गेले असतील किंवा शीतून रक्त जात असेल, तर मात्र सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.